समुद्र दिसतो म्हणून मासा चांगला असेलच असं नाही: ब्रिटनच्या किनाऱ्यावर फिश अँड चिप्सचं दुकान कसं पारखावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लीड्सला असता, ऑगस्टमध्ये पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. त्यांना गाडीने व्हिटबी, स्कारबरो, तिथून नॉर्थम्बरलंडचा किनारा धरून एडिंबरा आणि पुढे फाइफपर्यंत न्यायचं आहे. समुद्रकाठच्या गावात एकदम ताजा मासा खायचा आहे, प्रत्येक गावातल्या ‘बेस्ट’ दुकानाचं नाव हवं आहे. आणि सगळ्यात शेवटी कंसात लिहिलंय की घरी बीफ चालत नाही.

मी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच एका चिप्पीत, म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानात, काम करते. आधी काउंटर, मग बटाटे, मग मासे, असं करत आता मुख्य तळणी माझ्याकडे आहे आणि नवीन पोरांना शिकवायचं कामही. नावांची यादी मी देऊ शकते, पण चिप्पीचं असं असतं की तळणारा माणूस बदलला की दुकान बदलतं, पाटी मात्र तीच राहते. म्हणून दुकान कसं पारखायचं ते सांगते. ते एकदा जमलं की कुठल्याही गावात उपयोगी पडेल. आमच्या दुकानाचं नाव विचारू नका, ही जाहिरात नाही.

सुरुवात तुमच्या कंसातल्या वाक्यापासून करू, कारण तुमच्या रस्त्यावर ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. यॉर्कशायरमध्ये परंपरेने मासे आणि चिप्स (इथे चिप्स म्हणजे बटाट्याच्या जाड फोडी, वेफर्स नव्हेत) बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात. ड्रिपिंग म्हणजे गुरांची चरबी वितळवून, गाळून केलेलं तळणाचं माध्यम. गार झालं की वनस्पती तुपासारखं थिजतं. ईशान्य इंग्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्येही पुष्कळ दुकानांत हेच वापरतात. दक्षिणेकडे, म्हणजे ब्रायटन, केंट, डेव्हन या बाजूला बहुतेक ठिकाणी पाम किंवा सूर्यफुलासारखं वनस्पती तेल असतं. तुमच्या सहलीचा जवळजवळ अख्खा रस्ता ड्रिपिंगच्या मुलखातून जातो.

यात मेख अशी आहे की फक्त मासाच नाही, चिप्सही त्याच चरबीत तळलेल्या असतात. ‘आईला नुसत्या चिप्स घेऊ’ हा मार्ग तिथे बंद. स्क्रॅप्स म्हणून बॅटरचा, म्हणजे माशाला लावतात त्या पिठाच्या घोळाचा, जो कुरकुरीत चुरा फुकट देतात, तोही त्याच कढईतला. शिवाय जिथे वनस्पती तेल आहे तिथेही त्याच कढईत बॅटर लावलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज तळत असण्याची शक्यता असते. हे कुणी लपवत नाही. उलट ड्रिपिंगवाली दुकानं दारावर अभिमानाने तसं लिहितात. पण लिहिलेलं नसेल तर तेल असेल असं धरून चालू नका. काउंटरवर सरळ विचारायचं, ‘व्हॉट डू यू फ्राय इन?’ हा प्रश्न आम्हाला रोज येतो, त्यात संकोच करण्यासारखं काहीच नाही. वनस्पती तेल म्हणाले, तर पुढचा प्रश्न: सगळं एकाच तेलात तळता की वेगळी कढई आहे? काही दुकानं ग्लुटेन-फ्री गिऱ्हाइकांसाठी ठरावीक वारी किंवा रोजच वेगळी कढई ठेवतात आणि तिच्यात पुष्कळदा वनस्पती तेल असतं. पण पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे, तेवढं विचारून घ्या. निघण्याआधी फोन केलात तर उत्तम. दुपारी एक किंवा संध्याकाळी सहाला मात्र करू नका, त्या वेळी आमच्याकडे फोन उचलायला हात मोकळा नसतो.

चवीबद्दल खरं सांगायचं तर ड्रिपिंगमधल्या तळणाला एक खमंगपणा येतो, तो तेलात येत नाही. पण तेलात उत्तम तळणारी दुकानंही मी पाहिली आहेत आणि ड्रिपिंगमध्ये वाट लावणारीही. तेव्हा तुमचं काही फार हुकतंय असं वाटून घेऊ नका.

आता ‘ताजा मासा’. हा हट्ट मला चांगला कळतो, मी दापोलीकडची. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो आणि तिथून उचललेली सुरमई रात्री ताटात असते. समुद्राकाठी गेलं की मासा ताजा, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे. इथल्या चिप्पीला हा हिशेब लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये चिप्पीत विकले जाणारे मुख्य पांढरे मासे म्हणजे कॉड आणि हॅडॉक. तो माल बव्हंशी आइसलंड, नॉर्वे, फेरो बेटं आणि बॅरेंट्स समुद्र या बाजूने येतो. एकेकाळी हल आणि ग्रिम्सबी या इंग्लिश बंदरांच्या ट्रॉलर स्वतः आइसलंडजवळ जाऊन मासे धरत. मग आइसलंडने आपली सागरी हद्द वाढवत नेली, दोन्ही देशांत ‘कॉड वॉर’ म्हणून ओळखले जाणारे झगडे झाले आणि १९७६ साली ब्रिटनने २०० सागरी मैलांची हद्द मान्य करून टाकली. ब्रिटिश दूरसमुद्री मासेमारीचा कणाच त्याने मोडला. ग्रिम्सबीला आजही मोठा मासळी बाजार आहे, पण तिथला बराचसा माल परदेशातून कंटेनरने आलेला असतो. आणि ज्या व्हिटबीला तुम्ही मासा खायला चालला आहात, तिथल्या बोटी आता मुख्यतः खेकडे आणि लॉबस्टर आणतात. धक्क्यावर लाकडी-लोखंडी सापळ्यांची चळत दिसेल, ती त्याचीच.

म्हणजे किनाऱ्यावर मासा शिळा मिळतो का? तसंही नाही. आम्ही वापरतो तो मासा ‘फ्रोझन ॲट सी’ असतो. जहाजावरच साफ करून, काटे काढून, पकडल्यापासून काही तासांत गोठवलेला. बर्फावर ठेवलेला ‘ताजा’ मासा बोट परत येईपर्यंत, लिलाव होऊन ट्रकने दुकानात पोचेपर्यंत कित्येक दिवसांचा झालेला असू शकतो. मला दोन्हीतून निवडायला सांगितलं तर बेभरवशाच्या ताज्यापेक्षा समुद्रावर गोठवलेला आणि फ्रिजमध्ये रात्रभर हळूहळू बर्फ सुटू दिलेला मासा मी डोळे झाकून घेईन. घाईघाईत पाण्यात टाकून सोडवलेला असेल तर मात्र तो पाणी धरतो, मग बॅटर आतून ओलं राहतं. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण पहिल्या घासात कळतं: आवरण वेगळं, मासा वेगळा, मध्ये चिकट लगदा.

समुद्रापासून लांबची दुकानं मागे पडत नाहीत याचा सज्जड पुरावा हवा असेल तर राष्ट्रीय फिश अँड चिप पुरस्कारांची यादी बघा. २०१५ साली देशातल्या सर्वोत्तम टेकअवे चिप्पीचा मान शेटलंड बेटांवरच्या फ्रँकीजला मिळाला, ते अगदी समुद्रातच. पण २०१६ साली तो चेल्टनममधल्या सिम्पसन्सला आणि २०१८ साली यॉर्कजवळच्या हॅक्सबीतल्या मिलर्सला गेला. चेल्टनमला समुद्र नाही आणि हॅक्सबीलाही नाही.

मग फरक कशाने पडतो? घाण्याने. आपल्याकडे भजीच्या गाडीवर आपण जे बघतो तेच: ताजा घाणा निघतोय का, की परातीत पडलेली भजी पुन्हा गरम करून देताहेत.

तळणीवर नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे काय बघायचं ते कळेल. बॅटर म्हणजे मैदा, थंडगार पाणी आणि थोडी फुगवणारी पावडर. काही जण बिअर घालतात, तेही कुणाला चालत नसेल तर विचारून घ्यावं. माशाची तुकडी आधी कोरड्या पिठात घोळवायची, मग बॅटरमध्ये बुडवायची आणि भांड्याच्या काठावर निथळायची. जास्तीचं बॅटर राहिलं तर ते आत कच्चं राहतं. मग शेपटीकडच्या टोकाला धरून तुकडी तापलेल्या तेलात अर्धी सोडायची, क्षणभर तशीच मागेपुढे ओढायची, बॅटर धरलं की आपल्यापासून लांबच्या बाजूला अलगद आडवी करायची. एकदम सोडली तर तळाला बसते आणि चिकटते. तेल १८०-१९० अंशांच्या आसपास हवं. थंड बॅटर आणि कडक तेल यांची गाठ पडली की आत वाफ धरते, आवरण फुगतं आणि मासा खरं तर त्या वाफेत शिजतो. जाड तुकडीला सात-आठ मिनिटं लागतात. सुरुवातीला बुडबुड्यांचा आवाज जोरात असतो, मग तो बारीक होत जातो. तुकडी हलकी होऊन वर तरंगते, उलटताना झाऱ्याला खरखर लागते. तेव्हा काढायची आणि लगेच जाळीवर उभी निथळायची.

इथपर्यंत सगळं नीट केलं, तरी पुढच्या पंधरा मिनिटांत त्याची माती करता येते. काउंटरवर काचेची तापती पेटी असते. गर्दीच्या वेळी तिथे मासा दोन-चार मिनिटं थांबून जातो, त्याला हरकत नाही. पण दुपारी तीन वाजता रिकाम्या दुकानात पेटीत पाच मासे ओळीने पहुडलेले दिसले तर ते केव्हाचे आहेत देव जाणे. आतली वाफ बाहेर येत राहते आणि आवरण मऊ पडतं, वातड होतं. अशा वेळी ‘कुड यू फ्राय अ फ्रेश वन?’ म्हणायचं आणि थांबायची तयारी ठेवायची. ‘आठ मिनिटं लागतील’ असं ज्या दुकानात ऐकायला मिळतं, तिथे आनंदाने थांबा.

दुकान निवडताना लोक पहिली बघतात ती रांग. रांगेवर माझा अर्धाच विश्वास आहे. बंदरासमोरच्या दुकानाला उन्हाळ्यात रांग लागतेच, मासा कसाही असो, कारण बसमधून उतरलेल्या माणसाला पहिलं तेच दिसतं. रांगेत कोण आहे ते बघा. कामाच्या कपड्यातले गवंडी, रंगारी, शाळेच्या गणवेशातली पोरं, चप्पल घालून घरातून आलेली म्हातारी माणसं, काउंटरवरच्या पोरीला नावाने हाक मारणारी गिऱ्हाइकं, हे दिसलं की बरं. किनाऱ्यापासून दोन गल्ल्या मागे जाऊन वस्तीतली चिप्पी शोधा.

याहून भरवशाची खूण घरबसल्या बघता येते. नकाशावर दुकानाच्या वेळा आणि जुने अभिप्राय काढा आणि फेब्रुवारीत, आडवारी, ते उघडं असतं का ते पाहा. थंडीवाऱ्यात गावात पर्यटक औषधालाही नसतो, तेव्हा जे दुकान चालतं ते गावकऱ्यांच्या जिवावर. गावकरी एकदा वाईट मासा खाऊन गप्प बसतो आणि पुन्हा येत नाही. पर्यटक तसाही पुन्हा येणार नसतो. फक्त ईस्टर ते ऑक्टोबर चालणारी सगळीच दुकानं वाईट असतात असं म्हणणार नाही, पण त्यांना सुधारायची निकड कमी असते एवढं खरं.

मग मेनूची लांबी. पिझ्झा, कबाब, बर्गर, तळलेलं चिकन, मिल्कशेक आणि कोपऱ्यात फिश अँड चिप्स, अशा ठिकाणी मासा दिवसाला किती उठत असेल? माल फिरत नाही तिथे घाणा ताजा नसतो. मेनूवर माशाचं नाव स्पष्ट हवं: कॉड, हॅडॉक, प्लेस, हेक. नुसतं ‘फिश’ लिहिलेलं असेल तर कुठला म्हणून विचारा. उत्तर द्यायला माणूस आत विचारायला गेला तर जरा सावध.

नाकाचाही उपयोग करा. चांगल्या दुकानाबाहेर तळणाचा वास येतो, पण तो घशात बसत नाही. तेल दमलेलं असेल तर जळकट, उग्र वास दारातच गाठतो, माशाच्या आवरणावर काळे ठिपके दिसतात आणि खाल्ल्यावर जिभेवर कडवटपणा राहतो. तेल रोज गाळलं पाहिजे आणि वेळेवर टाकून दिलं पाहिजे. २०२२ साली युक्रेन युद्धामुळे सूर्यफुलाचं तेल महागलं तेव्हापासून तेल जास्त दिवस ताणायचा मोह सगळ्यांनाच होतो.

दारावरचे स्टिकर वाचताना थोडं तारतम्य ठेवा. हिरव्या-काळ्या रंगातलं शून्य ते पाच आकड्यांचं स्टिकर स्वच्छतेचं असतं, चवीचं नाही. इंग्लंडमध्ये ते लावणं सक्तीचं नाही, त्यामुळे चार किंवा पाच असलेले लावतात आणि दोन असलेले विसरतात. फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या साइटवर कुठल्याही दुकानाचा आकडा फुकट बघता येतो. स्कॉटलंडमध्ये आकडे नसून ‘पास’ असा शेरा असतो. पुरस्काराची पाटी दिसली तर साल वाचा. दहा वर्षांपूर्वीचा पुरस्कार जिंकणारा तळणारा आता स्पेनमध्ये निवृत्त होऊन बसलेला असू शकतो. आणि अभिप्राय वाचताना तारे बघू नका, ‘नवे आधी’ लावून लोकांनी टाकलेले फोटो बघा. आवरण फुगलेलं, फिक्या सोनेरी रंगाचं आणि थोडं वेडंवाकडं असेल तर ते हाताने आणि ताजं केलेलं आहे. सगळे मासे एकसारखे गुळगुळीत दिसले तर बहुधा तयार, गोठवलेले आणलेले.

चिप्सबद्दल दोन गोष्टी. पहिली अपेक्षेची. इथली चिप जाड असते, बाहेरून जेमतेम खरपूस आणि आतून मऊ, पिठूळ. बर्गरच्या दुकानातली बारीक कडक फ्राइज मनात धरून गेलात तर आई-बाबा पहिल्याच घासाला ‘नीट तळलेलं नाही’ म्हणतील. दुसरी बटाट्याची. मॅरिस पायपर हा १९६६ साली बाजारात आलेला वाण चिप्पीवाल्यांचा अजूनही लाडका, पण बटाटा वर्षभर सारखा राहत नाही. शीतगृहात फार दिवस राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि चिप आत शिजण्याआधी बाहेरून काळवंडते. उलट जूनच्या सुमारास येणारा नवा बटाटा पाणीदार असतो, त्याची चिप मलूल पडते. त्यामुळे जून-जुलै हा आमच्या डोकेदुखीचा काळ. तुम्ही ऑगस्टमध्ये येताय, तोवर गाडी बरीचशी रुळावर आलेली असते. ‘आज बटाटा कुठला?’ असं विचारून बघा. काही दुकानं शेताचं नाव आणि वाण फळ्यावर लिहितात, ती हमखास स्वतः सोलून कापणारी असतात.

आता मागवायचं काय. यॉर्कशायर आणि स्कॉटलंड हॅडॉकवाले, दक्षिण कॉडवाली. कॉडच्या पाकळ्या जाड आणि चव सौम्य, हॅडॉक थोडा गोडसर आणि नाजूक. सुरमई-पापलेटवर वाढलेल्या माणसाला माझ्या अनुभवात हॅडॉक जास्त आवडतो, पण दोन्हींना आपल्या माशाची चव नाही हे बाबांना आधीच सांगून ठेवा. यॉर्कशायरमध्ये कातडी काढून तळतात, इतरत्र कातडीसकट येऊ शकतो. मोठे काटे नसतात, पण बारीक एखादा निघू शकतो, म्हणून वयस्कर माणसांनी बेताने खावं.

मीठ आणि व्हिनेगर सढळ हाताने घालून घ्या, नाहीतर अळणी लागणारच. काउंटरवरच्या बाटलीत बहुतेकदा खरं व्हिनेगर नसतं. ॲसेटिक ॲसिड पाण्यात मिसळून कॅरॅमलचा रंग दिलेलं ते पाणी असतं आणि कायद्याने त्याला व्हिनेगर म्हणताही येत नाही. चालतं, मला तर तेच आवडतं. मशी पीज जरूर घ्या. मोठे वाळलेले हिरवे वाटाणे रात्रभर खाण्याचा सोडा घालून भिजवायचे आणि सकाळी मंद आचेवर मोडेपर्यंत शिजवायचे, बस. वरून लिंबू आणि तिखट मागितलंत तर कुणी रागावणार नाही, पण मिळणारही नाही, तेव्हा पुडी पर्समध्ये ठेवा. करी सॉस नावाचं जे गोडसर पिवळं प्रकरण आहे त्याचा आपल्या कुठल्याही रश्श्याशी संबंध नाही. बाबांनी ‘करी’ शब्द वाचून ते मागवू नये एवढं बघा.

तीन माणसांना तीन मासे आणि दोन चिप्स पुरून उरतात. आई-बाबांसाठी ‘स्मॉल फिश’ किंवा पेन्शनरांची थाळी विचारा, दुपारी पुष्कळ ठिकाणी असते. किनाऱ्यावर आता एका माणसाचं पार्सल दहा पौंडांच्या वर जातं, बसून खाल्लं तर आणखी. महागाईला दुकानदारच जबाबदार असं समजू नका. बॅरेंट्स समुद्रातला कॉड पकडण्याचा कोटा २०२५ साठी ३,४०,००० टनांवर आणला गेला, तेव्हा तो १९९१ नंतरचा सर्वांत कमी होता, आणि रशियन माशावर २०२२ पासून ३५ टक्के जादा आयातकर आहे. बसून खाताना यॉर्कशायरमध्ये सोबत ब्रेड-बटर आणि चहाची किटली येते, वयस्कर मंडळींना तेच सोयीचं. बाहेर न्यायचं असेल तर ‘ओपन, प्लीज’ म्हणा. झाकण लावलेल्या खोक्यात पाच मिनिटांत मासा स्वतःच्याच वाफेने भिजतो. आमची सगळी मेहनत त्या झाकणाखाली संपते.

वेळ: दुकान उघडल्यावर अर्ध्या तासाने, म्हणजे साधारण बारा, किंवा संध्याकाळी पाच. तेल तापलेलं असतं, घाणे सुरू झालेले असतात आणि अजून झुंबड नसते. भर गर्दीत कढई ठासून भरली की तेलाचं तापमान उतरतं आणि सगळंच तेलकट निघतं, हे चांगल्या दुकानातही होतं. वस्तीतल्या बऱ्याच चिप्प्या रविवारी, काही सोमवारीही बंद असतात आणि दुपारी दोन ते साडेचार झाकलेल्या असतात. तुमचा व्हिटबीचा मुक्काम शनिवार-रविवारी पडत असेल तर शक्य असल्यास मधल्या वारी हलवा. ऑगस्टमध्ये तिथे रेगाटा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा उत्सवही असतो, त्या दिवसांत गाडी लावायलाच तास जाईल.

तर तुमच्या रस्त्यावर माझा सल्ला असा. व्हिटबीत आणि स्कारबरोत आधी तेलाची चौकशी, मग दुकान. तेलवालं पसंतीचं सापडलं नाही तर हट्ट करू नका. व्हिटबीत खेकडा खा, आणि हेन्रिएटा स्ट्रीटवर १८७२ पासून चाललेल्या फॉर्च्यून्सच्या धुराड्यातले किपर, म्हणजे धुरावलेले हेरिंग, घेऊन या. त्या गावाचं खरं समुद्री खाणं ते आहे. सुक्या बांगड्यावर प्रेम असलेल्या माणसाला ते कसं लागतं ते मला सांगायची गरज नाही. नॉर्थम्बरलंडमध्ये क्रास्टरचे किपरही तितकेच नामांकित.

बंदरावर उभं राहून खाणार असाल तर पाठ भिंतीला लावा. सीगल मागून येतात आणि अख्खा मासा उचलून नेतात. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चिप्सची पिशवी ठेवून तपासलं होतं, माणूस रोखून बघत असेल तर सीगल पुढे यायला कचरतात. बाबांना पहाऱ्यावर बसवा.

ताजा मासा तुम्हाला खरा भेटेल तो स्कॉटलंडमध्ये. उत्तर समुद्रातला हॅडॉक पीटरहेडला उतरतो, पांढऱ्या माशाचं ते ब्रिटनमधलं सर्वांत मोठं बंदर, आणि तिथून फाइफ ट्रकने काही तासांवर आहे. त्यामुळे फाइफमधल्या अँस्ट्रदरच्या बाजूला ‘आजचा मासा कुठून आला?’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे, आणि उत्तर मिळालं तर तिथे हॅडॉकच घ्या. तिथे चिप्ससकट मासा म्हणजे ‘फिश सपर’, नुसता मासा हवा असेल तर ‘सिंगल’. एडिंबऱ्यात ‘सॉल्ट अँड सॉस?’ असं विचारतील, तो सॉस म्हणजे व्हिनेगर घालून पातळ केलेला ब्राउन सॉस. मला आवडत नाही, पण तुम्ही एका चिपवर घालून बघा. ड्रिपिंगचा प्रश्न तिथेही विचारायचाच आहे.

तारखा नक्की झाल्या की इथे कळवा. त्या आठवड्यात कुठली दुकानं तेलात तळताहेत ते ओळखीच्या तळणाऱ्यांना विचारून सांगेन.